नळी उघडली, पण वाहिनीचं काय? स्टेंटचा इतिहास एका मोजमापाच्या बाजूनं

स्टेंटचा इतिहास बहुतेक ठिकाणी चार पायऱ्यांत सांगून संपतो. आधी फुगा आला, मग धातूची जाळी आली, मग औषध लावलेली जाळी, आणि शेवटी विरघळणारी जाळी. प्रत्येक पायरीनं आधीच्या पायरीची अडचण सोडवली, असं म्हणायचं आणि पान उलटायचं. परीक्षेत एवढं लिहिलं तर मार्क मिळतात. पण तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर हाच इतिहास वेगळा प्रश्न घेऊन वाचून बघा: प्रत्येक टप्प्यावर लोकांनी नेमकं काय मोजलं? आणि काय मोजायचं राहून गेलं?

कारण हृदयाच्या धमनीबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. एक, ती उघडी आहे का? दोन, ती धमनीसारखी वागते का? पहिला प्रश्न नळीचा आहे, दुसरा जिवंत अवयवाचा. स्टेंटच्या इतिहासात हे दोन प्रश्न बराच काळ वेगवेगळ्या खोल्यांत राहिले. ते एकत्र आले तेव्हा काय झालं, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

फुगा आणि सहा महिने

सुरुवात पायाच्या धमनीपासून होते. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनं एका ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी, एकापेक्षा एक जाड कॅथेटर आत सरकवून, रुंद केली. पुढे १९६९ मध्ये त्यानंच कुत्र्यांच्या पायातल्या धमन्यांमध्ये तारेच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवून पाहिली. आत आधार ठेवला तर धमनी उघडी राहील, ही कल्पना तेव्हापासूनची. 'स्टेंट' हा शब्द मात्र दातांच्या दवाखान्यातून आला. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स स्टेंट नावाच्या इंग्रज दंतवैद्यानं दातांचा साचा घेण्यासाठी एक मिश्रण बनवलं होतं. पहिल्या महायुद्धात डच सर्जन योहानेस एसर यांनी त्वचारोपणात आधार म्हणून ते वापरलं, आणि 'आधार देणारी वस्तू' या अर्थानं ते नाव रुळलं.

हृदयाच्या धमनीत हे पहिल्यांदा केलं आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, झुरिकमध्ये. कॅथेटरच्या टोकाला छोटा फुगा, तो अडथळ्यापाशी नेऊन फुगवायचा, आणि काढून घ्यायचा. अँजिओप्लास्टी म्हणतात ती हीच.

पण फुगवणं म्हणजे काय होतं, ते नीट डोळ्यांसमोर आणा. अडथळा काही मऊ मेणासारखा दाबून भिंतीत बसत नाही. भिंत ताणली जाते, अडथळ्याला चिरा पडतात, आणि आतला नाजूक थर खरवडला जातो. म्हणजे ही एक ठरवून केलेली जखम आहे. जखमेनंतर दोन गोष्टी व्हायच्या. काही रुग्णांत धमनी लगेच, तासाभरात किंवा दिवसाभरात बंद पडायची. आणि साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत ती पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा अरुंद व्हायची. याला रीस्टेनोसिस म्हणतात. त्याची कारणं तीन: ताणलेली भिंत परत आखडणं, बरी होताना भिंत आक्रसणं, आणि भिंतीतल्या स्नायूपेशी वाढून आत नवा थर तयार होणं. या थराला निओइंटिमा म्हणतात.

'सहा महिने' हा आकडा बाजूला लिहून ठेवा. फुग्यानंतरचं रीस्टेनोसिस बहुतेक वेळा याच मुदतीत व्हायचं, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राम काढायचा अशी पद्धत पडली. पद्धत रास्त होती. पण पद्धती त्यांचं कारण संपल्यावरही टिकून राहतात.

दुसरी खोली: ब्रुकलिनमधला सशाचा महाधमनी-तुकडा

आता हृदयरोगतज्ज्ञांना तिथेच सोडून न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला जाऊ. रॉबर्ट फर्चगॉट हे औषधशास्त्रज्ञ सशाच्या महाधमनीचे तुकडे द्रावणात टांगून त्यांवर रसायनांचा परिणाम पाहत असत. अ‍ॅसिटिलकोलिन हे रसायन जिवंत प्राण्यात दिलं की रक्तवाहिन्या सैलावतात, हे माहीत होतं. पण त्यांच्या टांगलेल्या पट्ट्या मात्र उलट आकुंचन पावायच्या. १९७८ मध्ये एका प्रयोगात त्या अचानक सैलावल्या. शोध घेतल्यावर लक्षात आलं, की नेहमी पट्टी कापताना तिची आतली बाजू नकळत घासली जात होती, आणि घासताना सर्वांत आतला पेशींचा थर निघून जात होता.

तो थर म्हणजे एंडोथेलियम. जाडी एका पेशीची. तोवर बऱ्याच जणांच्या लेखी ते निव्वळ अस्तर होतं. फर्चगॉट आणि जॉन झवाडझ्की यांनी १९८० मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की एंडोथेलियम शाबूत असेल तरच अ‍ॅसिटिलकोलिननं वाहिनी सैलावते. त्यांची एक युक्ती तर फार सुंदर आहे. एंडोथेलियम घासून काढलेली पट्टी आणि एंडोथेलियम असलेली पट्टी समोरासमोर चिकटवून ठेवली. घासलेली पट्टीसुद्धा सैलावली. म्हणजे एका पट्टीच्या एंडोथेलियममधून काहीतरी पाझरून दुसऱ्या पट्टीच्या स्नायूपर्यंत जात होतं. ते 'काहीतरी' नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हे १९८६-८७ मध्ये स्पष्ट झालं. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळालं.

हळूहळू या थराची कामं लक्षात आली. तो वाहिनीला गरजेप्रमाणे रुंद करतो, रक्ताची गुठळी होऊ देत नाही, आणि खालच्या स्नायूपेशींची वाढ आटोक्यात ठेवतो. आता मघाची अँजिओप्लास्टीची यादी आठवा: धमनी बंद पडणं, आत नवा थर वाढणं. एंडोथेलियम शाबूत असताना ज्या गोष्टी तो रोखतो, नेमक्या त्याच.

१९८६ मध्ये बॉस्टनच्या एका गटानं (पहिलं नाव लुडमर) माणसांच्या हृदयधमनीत थेट अ‍ॅसिटिलकोलिन सोडून पाहिलं. निरोगी धमन्या रुंदावल्या, मेदानं आजारी झालेल्या धमन्या आकुंचन पावल्या. म्हणजे एंडोथेलियम नीट आहे की नाही, याची चाचणी आता रुग्णातही घेता येणार होती.

आणि त्याच १९८६ मध्ये, मार्च महिन्यात, फ्रान्समधल्या तुलूझमध्ये जाक प्युएल यांनी माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या. एकीकडे वाहिनी कशी वागते हे मोजायचं साधन आलं, दुसरीकडे तिला उघडी ठेवायचं. पण एक दुसऱ्यावर वापरून बघायला दहा-बारा वर्षं गेली.

जाळी

लोझानमधले उलरिश सिगवार्ट आणि प्युएल यांच्या गटाचा अहवाल १९८७ मध्ये आला: १९ रुग्णांच्या हृदयधमन्यांत २४ स्टेंट. उत्साह मोठा होता. पण १९९१ मध्ये पॅट्रिक सेरुईस आणि सहकाऱ्यांनी १०५ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा त्यातल्या सुमारे २४ टक्के रुग्णांचे स्टेंट पूर्ण बंद झालेले आढळले. धातू परका, त्यावर गुठळी होणारच. मग रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा मारा सुरू झाला आणि रक्तस्रावाचा त्रास वाढला.

यातून वाट दोन बाजूंनी निघाली. इटलीतल्या अँटोनियो कोलंबो यांच्या गटानं वाहिनीच्या आतून सोनोग्राफी करून दाखवलं, की अनेक स्टेंट पुरेसे उघडलेलेच नसतात. ते जास्त दाबानं नीट भिंतीला टेकवले, तर गुठळ्या कमी होतात. आणि १९९६ मध्ये जर्मनीत अल्बर्ट शोमिग यांच्या गटानं दाखवलं, की अ‍ॅस्पिरिनसोबत प्लेटलेटविरोधी दुसरी गोळी देणं हे जुन्या रक्त पातळ करण्याच्या उपचारापेक्षा जास्त चांगलं. आज स्टेंटनंतर दोन गोळ्या देतात, त्याची मुळं इथे आहेत.

त्याआधी १९९४ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या होत्या. युरोपातल्या 'बेनेस्टेंट'मध्ये रीस्टेनोसिस फुग्यानं ३२ टक्के, स्टेंटनं २२ टक्के. अमेरिकेतल्या 'स्ट्रेस'मध्ये ४२ विरुद्ध ३२ टक्के. स्टेंट जिंकला. या आकड्यांसाठी दोन्ही ठिकाणी मोजलं होतं एकच: सहा महिन्यांनी अँजिओग्राममध्ये धमनीचा व्यास किती.

अँजिओग्राम म्हणजे काय, तर वाहिनीत भरलेल्या रंगाची सावली. पोकळी किती रुंद आहे ते दिसतं. भिंत दिसत नाही, भिंतीवरचा एका पेशीचा थर तर नाहीच. म्हणून 'स्टेंट यशस्वी' याचा अर्थ त्या काळात 'सावली रुंद' एवढाच होता. मी हे टोमणा म्हणून सांगत नाही. छातीत दुखणाऱ्या माणसासाठी सावली रुंद असणं फार मोलाचं असतं. पण त्या मोजमापात दुसरा प्रश्न मावतच नव्हता.

चाचणी कशी घेतात

पुढचे पेपर वाचताना ही चाचणी समजलेली हवी, म्हणून दोन परिच्छेद थांबू या.

धमनीत अ‍ॅसिटिलकोलिन वाढत्या मात्रेनं सोडतात आणि प्रत्येक मात्रेनंतर अँजिओग्राम काढून व्यास मोजतात. एंडोथेलियम चांगलं असेल तर व्यास वाढतो किंवा तेवढाच राहतो. बिघडलेलं असेल तर व्यास घटतो, कारण मग अ‍ॅसिटिलकोलिन थेट स्नायूवर काम करून त्याला आवळतं. शेवटी नायट्रेट देतात. नायट्रेटला एंडोथेलियमची गरज नसते, ते स्वतःच स्नायू सैल करतं. म्हणून नायट्रेटनं धमनी रुंदावली आणि अ‍ॅसिटिलकोलिननं आवळली, तर म्हणता येतं की स्नायू ठीक आहे, बिघाड एंडोथेलियममध्ये आहे. हा नायट्रेटचा टप्पा म्हणजे प्रयोगाचा कंट्रोल. तो नसेल तर निष्कर्ष अर्धवट.

आता स्टेंटची अडचण. जाळी बसवलेला भाग धातूनं जखडलेला असतो, तो हलू शकत नाही. मग व्यास मोजायचा कुठे? जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे काही मिलिमीटर. म्हणजे आपण स्टेंटच्या जागेबद्दल बोलतो, पण मोजतो शेजारच्या जागेवर. ही मर्यादा प्रत्येक पेपर वाचताना लक्षात ठेवा.

१९९८ मध्ये रॉटरडॅमच्या गटानं (व्हान ब्युसेकॉम) डुकरांच्या हृदयधमन्यांवर दाखवलं, की एंडोथेलियमचा दीर्घकालीन बिघाड फुग्यापेक्षा स्टेंटनंतर जास्त असतो. पुढच्या वर्षी टोरँटोच्या गटानं (कारामोरी) रुग्णांमध्ये तसंच पाहिलं. सावली रुंद राखण्यात जो उपाय सरस, तोच वाहिनीच्या वागणुकीत मागे. दोन खोल्यांमधलं दार पहिल्यांदा उघडलं ते इथे. पण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे लागलेलं होतं.

औषधाची जाळी आणि बदललेलं घड्याळ

लक्ष होतं रीस्टेनोसिसवर. धातूच्या जाळीनं भिंत आखडणं आणि आक्रसणं थांबवलं, पण निओइंटिमाची वाढ उलट जास्त व्हायची. मग वाढ थांबवणारं औषधच जाळीवर का लावू नये?

असं एक औषध होतं: रॅपामायसिन, म्हणजेच सिरोलिमस. ईस्टर बेटाच्या, म्हणजे रापा नुईच्या मातीतल्या जिवाणूपासून ते मिळालं, म्हणून हे नाव. माँट्रियलमधल्या आयर्स्ट कंपनीत अविभाजित पंजाबात जन्मलेले सुरेन सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ च्या सुमारास ते वेगळं केलं. आधी बुरशीविरोधी म्हणून, मग मूत्रपिंड रोपणात. ते पेशीचं विभाजन अडवतं.

डिसेंबर १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलो शहरात एदुआर्दो सूझा यांनी सिरोलिमसची जाळी रुग्णांत बसवायला सुरुवात केली. २००२ मध्ये 'रॅव्हेल' चाचणीचा निकाल आला: २३८ रुग्ण, सहा महिन्यांनी रीस्टेनोसिस साध्या जाळीत २६.६ टक्के, औषधाच्या जाळीत शून्य. वैद्यकशास्त्रात असा शून्य क्वचितच दिसतो. एप्रिल २००३ मध्ये अमेरिकेत 'सायफर' स्टेंटला मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी 'टॅक्सस'ला, आणि जगभर वापर झपाट्यानं वाढला.

इथे जरा थांबा आणि दुसऱ्या खोलीतला प्रश्न विचारा. हे औषध स्नायूपेशीचं विभाजन थांबवतं. मग जखमेवर पुन्हा पसरू पाहणाऱ्या एंडोथेलियमच्या पेशींचं काय? औषधाला कुठली पेशी नको आणि कुठली हवी हे कळत नाही. रीस्टेनोसिस शून्यावर आणणारी क्रिया आणि जखम भरू न देणारी क्रिया एकच आहे.

२००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये चार रुग्णांची नोंद आली. औषधाची जाळी बसवून अकरा ते पंधरा महिने झालेले, प्लेटलेटविरोधी गोळ्या बंद केल्या, आणि थोड्याच काळात स्टेंटमध्ये गुठळी. फक्त चार रुग्ण. अशी छोटी नोंद वाचून पुढे सरकायची सवय असते आपल्याला. पण साध्या जाळीत इतक्या उशिरा गुठळी होणं फारच विरळ होतं.

२००५ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्नमधून मारिओ टोन्यी आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. त्यांनी रुग्णांना सायकलिंगचा व्यायाम देऊन धमन्या पाहिल्या. व्यायामात हृदयाला रक्त जास्त लागतं, म्हणून धमनी रुंदावायला हवी. साध्या जाळीच्या अलीकडचा-पलीकडचा भाग रुंदावला. सिरोलिमस जाळीच्या शेजारचा भाग आवळला. २००६ मध्ये रॉटरडॅमच्या गटानं अ‍ॅसिटिलकोलिन देऊन त्याच दिशेचा निष्कर्ष काढला.

त्याच वर्षी अमेरिकेत रेणू विरमाणी यांच्या गटानं मृत रुग्णांच्या स्टेंट बसवलेल्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. साध्या जाळीवर सहा-सात महिन्यांत एंडोथेलियमचा थर आलेला, औषधाच्या जाळीवर ४० महिन्यांनंतरही तो पूर्ण नाही. हा त्या चार रुग्णांच्या नोंदीमागचा दुवा.

आता मघाचा 'सहा महिने' आकडा परत घ्या. तो कशावरून ठरला होता? फुग्यानंतर जखम कधी भरते यावरून. औषधाची जाळी मुळात जखम भरण्याचं घड्याळच मागे ढकलत होती. पण मोजायची वेळ जुन्या घड्याळावर राहिली. सहा महिन्यांनी पाहिलं तर शून्य टक्के. धोका असलाच तर तो त्यानंतरच्या पानावर होता, आणि त्या पानाकडे तेव्हा फारसं लक्ष नव्हतं. रॅव्हेलचा शून्य खोटा नव्हता, इतकंच की त्यात विचारलेला प्रश्न छोटा होता.

ते पान मुद्दाम उघडणारा अभ्यास स्वित्झर्लंडमधल्याच बाझलमध्ये झाला: 'बास्केट-लेट', २००६. सुमारे ७५० रुग्ण, पहिले सहा महिने कोणतीही मोठी घटना न घडलेले, दुसरी गोळी बंद केल्यानंतर पुढचं वर्षभर पाहिलेले. हृदयमृत्यू किंवा हार्ट अ‍ॅटॅक: औषधाच्या जाळीत ४.९ टक्के, साध्या जाळीत १.३ टक्के. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत हा विषय पेटला, आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला तज्ज्ञांची खास बैठक घ्यावी लागली.

गोष्ट इथे संपवली तर ती चुकीची होईल. २००७ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात एकूण मृत्यूंमध्ये दोन्ही जाळ्यांत फरक दिसला नाही. उशिरा होणाऱ्या गुठळ्या थोड्या वाढल्या, पण रीस्टेनोसिससाठी पुन्हा पुन्हा उपचार करण्याची वेळ बरीच कमी झाली. औषधाच्या जाळ्या टिकल्या. बदललं ते इतर सगळं: दोन गोळ्या वर्षभर देण्याची शिफारस, पातळ तारा (सायफरची तार साधारण १४० मायक्रॉन, पुढच्या पिढीतल्या 'झायन्स'ची ८१), शरीराला जास्त मानवणारं वेष्टन. नव्या जाळ्यांवर थर लवकर धरतो आणि उशिराच्या गुठळ्याही कमी झाल्या आहेत.

(एक सूचना. घरात कोणाला स्टेंट असेल तर वरचे आकडे वाचून गोळ्यांमध्ये स्वतःहून काहीही बदल करू नका. वरची चार रुग्णांची नोंद गोळ्या थांबवल्यानंतरचीच आहे.)

विरघळणारी जाळी: दुसरा प्रश्न मुख्य होतो तेव्हा

वाहिनीची वागणूक धातूमुळे अडकते, तर धातूच नको. काम झालं की विरघळून जाईल अशी जाळी बनवा. धमनी मोकळी होईल, पुन्हा रुंदावेल, आवळेल. कल्पना इतकी पटणारी होती, की ती खरी असलीच पाहिजे असं वाटावं. पॉलिलॅक्टाइडची 'अ‍ॅब्सॉर्ब' जाळी २००६ पासून रुग्णांत बसवली जाऊ लागली. ३० रुग्णांच्या पहिल्या गटाचा दोन वर्षांनंतरचा अहवाल २००९ मध्ये आला. जिथे जाळी होती तो भाग औषध दिल्यावर हलत होता. धातूच्या जाळीत हे अशक्य मानलं जाई. 'वाहिनी पूर्ववत करणारा उपचार' अशी भाषा सुरू झाली.

मग 'अ‍ॅब्सॉर्ब २' चाचणी आखली गेली, ५०१ रुग्णांवर, विरघळणारी जाळी विरुद्ध धातूची झायन्स. तिचा एक मुख्य निकषच असा होता: तीन वर्षांनी नायट्रेट देण्याआधी आणि दिल्यानंतर जाळीच्या भागाच्या व्यासात किती फरक पडतो. दुसरा प्रश्न अखेर मोठ्या चाचणीच्या पहिल्या ओळीत आला होता.

२०१६ मध्ये निकाल आला. विरघळणाऱ्या जाळीत फरक ०.०४७ मिलिमीटर, धातूच्या जाळीत ०.०५६ मिलिमीटर. सरस तर नाहीच, आकडा धातूपेक्षा किंचित कमी. शिवाय धमनीचा आतला व्यास विरघळणाऱ्या जाळीतच जास्त घटला होता. २०१७ मध्ये नेदरलँड्समधल्या 'आयडा' चाचणीत दोन वर्षांतलं गुठळ्यांचं प्रमाण ३.५ टक्के विरुद्ध ०.९ टक्के आलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं विक्री थांबवली. आपल्याकडे त्याच २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारनं स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली होती. त्यात साध्या जाळीला ७,२६० रुपये, आणि औषधाच्या व विरघळणाऱ्या जाळीला मिळून एकच वर्ग, २९,६०० रुपये.

गुठळ्यांची कारणं समजण्यासारखी आहेत. पॉलिमरमध्ये धातूइतकी ताकद नसते, म्हणून तारा जाड कराव्या लागल्या, सायफरपेक्षाही जाड. जाड तारेमागे रक्त घोळतं, थर उशिरा धरतो. आणि विरघळताना तुकडे सुटून पोकळीत येऊ शकतात. म्हणजे वाहिनीची वागणूक परत आणण्यासाठी बनवलेल्या जाळीनं, वागणुकीचाच एक भाग, गुठळी न होऊ देणं, बिघडवला.

पण मला तुमचं लक्ष त्या ०.०४७ आणि ०.०५६ कडे वेधायचं आहे. तीन गोष्टी बघा. पहिली, अँजिओग्रामवरून व्यास मोजताना एवढा फरक सहज इकडेतिकडे होऊ शकतो. जखडलेला धातू खरोखर हलला, की मोजमाप हललं? दुसरी, चाचणी नायट्रेटची होती. वर आपण पाहिलं, की नायट्रेटला एंडोथेलियम लागत नाही. म्हणजे इथे 'हा भाग हलू शकतो का' हे तपासलं गेलं, 'एंडोथेलियम त्याला हलवतं का' हे नव्हे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची: समजा, धमनी छान हलली असती. त्यामुळे रुग्णाला हार्ट अ‍ॅटॅक कमी आले असते का? हे कुणी आधी सिद्ध केलेलं नव्हतं. एंडोथेलियम बिघडलेल्या माणसांत पुढे त्रास जास्त होतो, एवढं माहीत होतं. त्यावरून 'हालचाल परत आणली की त्रास कमी होईल' असं गृहीत धरलं गेलं. या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे.

पेपर वाचताना आणि प्रपोजल लिहिताना

या इतिहासातून 'वागणूक मोजा, व्यास मोजू नका' असा धडा काढायचा मोह होतो. तो काढू नका. बर्नच्या सायकल-प्रयोगानं खरा धोका दाखवला, आणि अ‍ॅब्सॉर्बच्या हालचालीच्या आकड्यानं खोटी आशा. मोजमाप एकाच जातीचं होतं, पण ते वापरलं वेगवेगळ्या कामांसाठी. एकीकडे ते दुसऱ्या पुराव्यांशी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालच्या थराशी आणि रुग्णांतल्या गुठळ्यांशी, जुळवून पाहिलं गेलं. दुसरीकडे जुळवणी होण्याआधीच ते ध्येय म्हणून मांडलं गेलं.

तेव्हा पेपर हातात घेतला की मी तीन प्रश्न समासात लिहितो, तुम्हीही लिहून बघा. मोजलं कुठे, म्हणजे ज्या जागेबद्दल दावा आहे तिथेच की शेजारी? मोजलं कधी, आणि ती वेळ या उपचारासाठी ठरवली की आधीच्या उपचाराकडून आयती आली? आणि जे मोजलं ते सुधारलं, तर रुग्णाचं काय सुधारतं, हे कुणी वेगळं दाखवलं आहे का?

विषय तुमचा हृदयाचा नसेलही. मातीतला सेंद्रिय कर्ब असेल, शाळेतली पटसंख्या असेल, बॅटरीची क्षमता असेल. प्रत्येक क्षेत्रात एक 'सहा महिने' असतात, जे सगळे पाळतात आणि ज्यांचं कारण आता फारसं कुणाला आठवत नाही. सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी तुमच्या विषयातले सहा महिने कोणते, ते शोधा, आणि ते ज्या पेपरमधून आले तो मूळ पेपर काढून वाचा. गाइडला विचारायचा पहिला चांगला प्रश्न बहुधा तिथेच सापडेल.